फळ्यावरचा बिबा

वेदिकाच्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना बिब्याच्या फुल्या आहेत. आधी काळ्या होत्या, मग फोड आले, मग ते उतत उतत बरगडीपर्यंत गेले. चार महिन्यांची पोर. देवरूखच्या डॉक्टरांनी मलम लावता लावता विचारलं, "शिकलेल्या दिसता, मग हे कसं होऊ दिलंत?" मी न्हाणीत होते. पोर रडते म्हणून सासूबाईंनी तेवढ्यात शेजारच्या आनंदीकाकींना हाक मारली, आणि काकींनी दाभणाला बिबा टोचून दिव्यावर धरला.

फोड दाखवायला गेले तर त्या हसल्या. "उतला वाटतं. कातडं तुझ्यासारखंच गो पोरीचं, जरा काय सोसत नाय." वाडीतलं एक पोर त्यांच्या बिब्यातून सुटलेलं नाही. त्यांना कोण बोलणार?

दुपारची भांडी झाली की शाळेच्या पडवीत मी बायकांचा साक्षरता वर्ग घेते. काकी पहिल्या रांगेत. सगळ्यांत आधी त्यांना वाचता येऊ लागलं, तेव्हापासून फळ्यावरची ओळ काकींनी वाचायची आणि मागून बाकीच्यांनी म्हणायची, असा दंडकच त्यांनी घातला. नव्याने वाचणाऱ्या माणसाचं एक असतं. अक्षर जुळवण्यात जीव असा गुंततो की आपण काय वाचलं, ते ओळ संपल्यावर कळतं.

या आठवड्याचा विषय आरोग्याचा होता, तान्ह्या बाळाची काळजी. सकाळी नळावर कळलं, हौसावहिनींचा नातू किरकिरतोय आणि संध्याकाळी काकींना बोलावलंय. पुस्तक मी मिटून ठेवलं. फळ्यावर माझ्या मनाने तीन ओळी लिहिल्या. काकी कुठे अडू नयेत म्हणून एकही जोडाक्षर घातलं नाही.

वेदिकाला मांडीवर घेऊन मी बाजूला बसले. काकींनी पदर खोचला.

"बा, ळा, ला. बाळाला. भा, ज, णा, री. बाळाला भाजणारी बाई वाडीत आहे."

बायकांनी म्हटलं.

"तिला घरात घेऊ नका."

बायकांनी आणखी जोरात म्हटलं. हौसावहिनी म्हणाल्या, "अशी कोन गो ही अवदसा?"

"असंल कोनतरी घाटावरची," काकी म्हणाल्या. पडवी हसली. मीसुद्धा हसले. मग काकींनी बोट खालच्या ओळीवर नेलं.

"ती... बा... ई... बि..."

बोट तिथेच राहिलं.

"पुढे, काकी."

"चष्मा नाय आनला."

"आत्तापर्यंत तर छान वाचत होतात. बरं, हौसावहिनी, तुम्ही वाचा."

हौसावहिनींना आजवर पहिल्याने वाचायला कधी मिळालंच नव्हतं. त्या उभ्याच राहिल्या. "ती बाई बिबा लावते."

मागून कुणी म्हटलं नाही. मी वेदिकाचं झबलं वर केलं आणि तिला सगळ्यांना दिसेल अशी धरली. एकजण उठून जवळ आली, बघून परत गेली. मला बोलायला लागू नये, म्हणून तर लिहिलं होतं.

"माज्या सासूनं शिकवलंन तसाच लावतंय मी," काकी म्हणाल्या. "कुनाचं वाईट केलं काय? सांगा गो."

हौसावहिनी पाटीकडे बघत म्हणाल्या, "काकी, सांजच्याला येव नका आमच्याकडं. सूनबाय ज्ञानेश्वरी दवाखान्यात नेईल पोराला."

काकींनी पाटी खाली ठेवली. "पूस ते," मला म्हणाल्या.

"पुसायचं कसं? अजून कुणी उतरवून घेतलेलं नाही."

बायकांनी पाट्या मांडीवर घेतल्या. काकी उठल्या, पायरीपाशी जाऊन चपला पायात सारत राहिल्या. खूप वेळ लावला त्यांनी. कुणीतरी हाक मारेल असं त्यांना वाटत होतं, आणि मला नेमकी तीच भीती होती. एक हाक आली असती तर त्या परत पहिल्या रांगेत येऊन बसल्या असत्या.

म्हणून मी छडीने फळ्यावर टकटक केलं. "तिसरी ओळ राहिली. सगळ्यांनी म्हणा."

सगळ्यांनी म्हटली.