दुसऱ्या साक्षीदाराची सही

राधाकिसनने मृत्युपत्रावर सही केली तेव्हा वच्छलाबाईने त्याच्या छातीवर पुठ्ठा धरला होता. जालन्याच्या दवाखान्यातली खाट, नाकात नळी. तरी नाव त्याने पुरतं लिहिलं. केदारखेड्याचं घर राधाकिसनचं आधीपासूनचं, दोन एकर रान त्याने आणि वच्छलाने मेंढरं विकून घेतलेलं, पण सातबाऱ्यावर नाव एकट्या राधाकिसनचं. ते सगळं आपल्यामागं वच्छलाला मिळावं, एवढंच कागदात होतं. गावचे निवृत्त मास्तर काकासाहेब यांनी तो लिहिला आणि तिथंच साक्षीदार म्हणून सही केली.

"अजून एक साक्षीदार लागतो," ते म्हणाले.

शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "मी करू का? मला येते सही."

काकासाहेबांनी हसून नको म्हटलं. सही वजनदार माणसाची पाहिजे, असं त्यांचं मत. गावाकडे जाताना ते भोकरदनला उतरले आणि पारसशेठच्या बियाण्यांच्या दुकानात गेले. राधाकिसन कपाशीचं बियाणं कायम तिथूनच न्यायचा. पारसने कागद वाचला, "भला माणूस आहे," म्हणाला आणि सही करून दिली.

त्या पावसाळ्यातच राधाकिसन गेला. दिवाळीनंतर काकासाहेबही गेले.

मग ओमप्रकाश आला. राधाकिसनचा मुलगा. त्याची आई शिवकन्या तो पाळण्यात असतानाच त्याला घेऊन अंकुशनगरला भावाकडे निघून गेली होती. फारकत कधी झाली नाही. वच्छला त्यानंतर या घरात आली, देवळात हार घालून. आता शिवकन्याही नव्हती. ओमप्रकाशने तलाठ्याकडे वारस म्हणून अर्ज दिला. वच्छलाबाईने मृत्युपत्र पुढे केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

"पहिली बायको जिवंत असताना झालेलं लग्न कायदा मानत नाही," वकील रूपालीताईंनी तिला समजावलं. "वारस म्हणून तुम्हाला काहीच मिळणार नाही. तुमचा सगळा आधार हे मृत्युपत्र. आपल्याकडं त्याचं प्रोबेट, म्हणजे कोर्टाचा मंजुरीचा दाखला, घ्यावाच लागतो असं नाही, रजिस्टर नसलं तरी चालतं. पण दोन साक्षीदार लागतात. दोघांनीही सही होताना बघितलेलं पाहिजे, किंवा राधाकिसननं स्वतः त्यांना सांगितलेलं पाहिजे की ही सही माझी. काकासाहेब तर गेले. पारसशेठ तिथं होते ना?"

वच्छलाबाईने मान हलवली. होय की नाही, ते त्या हलवण्यातून कळण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत दाराशी उभी राहिली.

"शेठ, तुम्ही दवाखान्यात व्हते म्हणून सांगा."

पारसचा चेहरा उतरला. "मावशी, मी कुठं आल्तो? मास्तरांनी कागद इथं आणला. राधाकिसनशी माझं फोनवर बी बोलणं झालं न्हाई."

"सही त्यांचीच हाय. मी पुठ्ठा धरला व्हता."

"ते बिलकुल खरं असंल. पण मी बघितलं न्हाई."

"तुम्हाला एक वाक्य बोलायचं हाय, शेठ. मला घर सोडावं लागंल."

पारसने रस्त्याकडे बघितलं. खोटी शपथ त्याने आयुष्यात घेतली नव्हती. पण ही बाई सात वर्षं नवऱ्याचं अंथरूण धूत होती, हेही त्याला ठाऊक होतं. "बराबर आहे," तो शेवटी म्हणाला. "सांगतो."

साक्षीच्या दिवशी त्याने तसंच सांगितलं. मी दवाखान्यात होतो, माझ्यासमोर सही झाली. रूपालीताई समाधानाने खाली बसल्या. ओमप्रकाशचे वकील उठले. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"सही करताना राधाकिसन बसले होते का झोपलेले?"

पारसने वच्छलाबाईकडे बघितलं. न्यायाधीशांनी मान वर केली.

"बसले होते," पारस म्हणाला.

"झोपले व्हते!" वच्छलाबाई मागच्या बाकावरून ओरडली. "उठता येत नव्हतं त्यांना! छातीवर पुठ्ठा मीच धरला व्हता!"

शिपायाने तिला गप्प केलं. तोवर पारसने कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. "साहेब, मी तिथं नव्हतो," तो म्हणाला. "सही मी दुकानात केली. मला माफ करा."

निकाल लागला तेव्हा सही राधाकिसनची नाही असं कोणीच म्हणालं नाही. दुसऱ्या साक्षीदाराने ती होताना बघितली नाही, म्हणून मृत्युपत्र पुरतं सिद्ध होत नाही, एवढंच त्याबद्दल म्हटलं होतं; आणि वच्छलाबाई कायद्याने राधाकिसनची बायको नाही, असं खाली लिहिलं होतं. बाहेर आल्यावर वच्छलाबाईने विचारलं, "त्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाची सही चालली असती का?"

"चालली असती," रूपालीताई म्हणाल्या.

ओमप्रकाश घराचा ताबा घ्यायला एकटाच आला. ओसरीवर उभा राहिला, आत आला नाही. "सामान काढायला घाई न्हाई," तो म्हणाला. "माझी माय पण याच दारातून निघाल्ती."

"मी न्हाई काढलं तिला. मी नंतर आले."

"आसंल. पण बापानं मला एकदा बी बोलावलं न्हाई."

राधाकिसनला वच्छलाबाई दरसाल म्हणायची, पोराला एकदा भेटून या. तो तोंड फिरवून झोपायचा. हे आता सांगून काय होणार होतं?

ती भावाकडे गेली, जांब समर्थच्या अलीकडच्या एका वस्तीवर. भावजयीने गोठ्याशेजारची खोली दिली. वेचणीच्या दिवसांत ती दुसऱ्यांच्या रानात जाते. उन्हाळ्यात भावाने तिला विधवांच्या पगारासाठी तहसीलमध्ये नेलं.

"नवऱ्याचं नाव?" कारकुनाने विचारलं.

"राधाकिसन."

"लग्नाचा काही पुरावा?"

भावाने तिच्याकडे बघितलं. तिने पदर सारखा केला.

"कोर्टाचा कागद हाय," ती म्हणाली. "पण त्याच्यात न्हाई म्हणून लिवलंय."