घोलवडची पेटी

प्रल्हादराव डहाणूच्या रेल्वे पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले, पण त्यांचा सिद्धांत काही निवृत्त झाला नाही. घोलवडच्या चिकूची पेटी योग्य माणसाकडे पोचली की कुठलंही काम होतं! गॅसचं कनेक्शन, लेकीची बदली, सगळी त्या पेटीचीच पुण्याई. हे ऐकून ऐकून त्यांच्या बायकोला, सुधाताईंना, चिकूचाच वीट आला होता.

मग प्रल्हादरावांना जठराचा कॅन्सर निघाला, तोही पोटभर पसरलेला. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नव्या उपचाराची चाचणी चाललीय. शिरेतून औषध सगळ्यांनाच. निम्म्यांना शिवाय नळी बसवून थेट पोटातही सोडतो. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवतो. आमच्या हातात नाही."

हेच वाक्य प्रल्हादरावांनी नोकरीभर खिडकीतून लोकांना ऐकवलेलं. त्याचा खरा अर्थ त्यांच्याइतका कोणाला ठाऊक! पुढच्या खेपेला पेटी निघाली. फळं कच्ची, एकसारखी. बाईंच्या घरी जाऊन पिकतील अशी.

"कॉम्प्युटरला चिकू आवडतात का हो?" सुधाताईंनी विचारलं.

"चालवणाऱ्याला आवडतात."

डॉक्टरीणबाई नको नको म्हणत असताना त्यांनी पेटी टेबलाखाली सरकवलीच. आणि गट लागला तो नळीचा! काठीसारखं झालेलं ते शरीर आठवडाभर छाती काढून फिरलं.

नळी बसवायच्या दिवशी बाईंनी पेटी समोर ठेवली. सुतळीची गाठ तशीच. "काका, फळं पिकलीत. घरी न्या. गट पेटी यायच्या आधीच लागला होता."

सुधाताईंना गुदगुल्या झाल्या. आता वर्षभर पुरेल एवढं बोलता येणार होतं. सहज म्हणून त्यांनी विचारलं, "पण बाई, हाच गट चांगला ना?"

"तेच तर शोधतोय, काकू. माणूस जास्त जगतो का, हे अजून कोणालाच माहीत नाही."

सुधाताई घाबरल्या, लग्नानंतर इतक्या कधीच घाबरल्या नव्हत्या. प्रल्हादराव बाकावर बसून, खाता न येणारा चिकू नुसता हुंगत होते.

सुधाताईंनी बाजूला जाऊन घोलवडच्या चिकूवाडीवर, नेहमी पेटी पाठवणाऱ्या पोराला फोन लावला.

"शैलेश, दोन पेट्या पाठव. चांगली फळं निवड."

"पाठवतो, काकू. कोणाच्या नावावर?"

"तेच तर कळत नाहीये रे," सुधाताई म्हणाल्या.