‘शक्यतो’ या शब्दावरची चर्चा

मुलं मला पाठीमागे ‘कलमकाका’ म्हणतात. नागरिकशास्त्र शिकवण्यात बावीस वर्षं गेली. दरवर्षी मी नववीकडून आमच्या छोट्याशा देशाच्या घटना समितीचं नाटुकलं करून घेतो. बाक समोरासमोर लावायचे, घटनाकारांच्या भूमिकांच्या चिठ्ठ्या उचलायच्या, अध्यक्ष मी. नियम एकच: तेव्हा जे घडलं तेच करायचं, पदरचं काही घालायचं नाही.

यंदा चर्चेला अटकेचं कलम होतं. ‘अटक केलेल्या व्यक्तीस शक्यतो चोवीस तासांच्या आत न्यायालयासमोर हजर करावे.’ यातला ‘शक्यतो’ काढून टाका, अशी दुरुस्ती एका सभासद बाईंनी सुचवली होती. ती मतदानात पडली आणि शब्द कायम राहिला.

नेमकी त्या बाईंची चिठ्ठी चिमणीने उचलली. चिमणी म्हणजे छापखान्यात पुस्तकबांधणी करणाऱ्याची मुलगी. आवाज इतका बारीक, की हजेरीला तिचं नाव दोनदा घ्यावं लागतं. कसलीशी पत्रकं छापली म्हणून तिच्या वडिलांना नऊ दिवसांपूर्वी पोलिसांनी उचललं होतं.

मला हे ठाऊक होतं. रविवारी तिची आई माझ्या दारात उभी होती.

“सर, चौकीत कुणी दाद देत नाही. कोर्टात द्यायला अर्ज लिहून द्या. ओळखीचे म्हणून खाली तुमची सही करा.”

“शक्यतो उद्या देतो,” मी म्हणालो होतो.

आज गुरुवार होता. अर्ज लिहायला दहा मिनिटं लागतात. मी सहीला घाबरत होतो, दुसरं काही नाही. चिमणीची चिठ्ठी बदलावी असं मनात आलं, पण कारण काय सांगणार? चोराच्या मनात चांदणं!

मागच्या बाकावर शिक्षण खात्याचे तपासनीस बसले होते, शेजारी हेडसर. हेडसरांनी सकाळीच बजावलं होतं, “पुस्तकाबाहेर जाऊ नका. दिवस बरे नाहीत.”

ज्येष्ठ वकिलाची भूमिका बोक्याकडे होती. कागदाची मिशी चिकटवून तो झोकात म्हणाला, “सन्माननीय सभासदहो, पूर आला, रस्ता खचला, तर पोलिसांनी काय उडत यायचं?” वर्ग खिदळला. तपासनीसही हसले.

मग चिमणी उठली. कागदावरची दोन वाक्यं तिने वाचली आणि कागद खाली ठेवला.

“पूर आलेला नाही. चौकी आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, आणि कोर्ट चौकीसमोरच. आई रोज डबा नेते आणि भरलेला परत आणते. ते सांगतात, शक्यतो उद्या. आई सरांकडे गेली, तर सरही म्हणाले, शक्यतो उद्या. शक्यतो म्हणजे नाही. हा शब्द काढा.”

माझी कानशिलं तापली. खोटं कशाला बोलू, मला तिचा रागच आला. चारचौघांत माझी अब्रू काढली होती तिने.

“मतदान,” मी म्हणालो. “दुरुस्तीच्या बाजूने कोण?”

सगळे हात वर गेले. बोक्याचाही. दुसऱ्या हाताने तो मिशी ओढून काढत होता.

हेडसरांनी घसा खाकरला.

“दुरुस्ती नामंजूर,” मी जाहीर केलं.

“सर, हात मोजा,” चिमणी म्हणाली.

“जे घडलं तेच करायचं. नियम आहे.”

तास संपला. तपासनीसांनी वहीत शेरा लिहिला: समाधानकारक.

घरी जाऊन मी अर्ज लिहिला. दहा मिनिटंही लागली नाहीत. शुक्रवारी शाळेला दांडी मारली आणि चिमणीला नि तिच्या आईला घेऊन कोर्ट गाठलं. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, नावावर बोट ठेवलं.

“काल यायचं होतंत. काल चौकीतच होता हा. आज सकाळी गाडीत घालून नेलं.”

“कुठे?”

त्याने अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

“ते आम्ही शक्यतो सांगत नाही.”

आई तिथेच मटकन खाली बसली. चिमणीने तिच्या हातातला भरलेला डबा घेतला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.