कूलरमधलं कासव

संक्रांतीचं वाण म्हणून कोणत्या बाईने घरातली जुनीच वाटी पुसून टेकवली, हे गोपिकेला पुढच्या संक्रांतीपर्यंत आठवत असे. वस्तूंचं ती एकवेळ सोडून देई, बोललेलं मात्र सोडत नसे. आणि तिच्या मनातल्या थकबाकीत सगळ्यात वर नाव होतं मोठ्या वहिनीचं, दामिनीचं.

प्रकरण तान्ह्या पोळ्याचं. नरखेडकडच्या माहेरी सगळी पोरं आपापले लाकडी बैल सजवून मारुतीच्या पारासमोर उभी होती. गोपिकेच्या गोलूने आपला बैल मामेभावाला, अर्णवला, क्षणभर धरायला दिला आणि अर्णवने तो पाडला. बैलाचा पाय मोडला. गोलूने मोडलेला पाय उचलून बैलाला लावून पाहिला. त्याला बोलायची घाई कधीच नसते. पण दामिनीने अख्ख्या गावासमोर पदर सावरत म्हटलं, "लाकडाचा बैल सांभाळता येत नाही या पोराला. याच्या हाती जीव असलेलं काही देऊ नका हो कोणी."

लोक हसले. गोपिकाही हसली. तिचं ते हसणं ज्यांना कळतं, त्यांनी त्या दिवशी दामिनीची काळजी करायला हवी होती.

वाडीला अमरावती रोडवर, ट्रकांच्या धुरात, गोपिकेच्या नवऱ्याचं, अश्विनचं, रंगीत माशांचं दुकान आहे. दुपारी गल्ल्यावर गोपिका बसते, शाळेतून आलेला गोलू बाजूच्या स्टुलावर गृहपाठ करतो. लेकराचा हात धरून कोणी कासव घ्यायला आलं की गोपिका सरळ नाही म्हणते. आज रुपयाएवढं दिसते, उद्या ताटाएवढं होईल. पाणी सारखं बदलावं लागते, नाहीतर घरभर वास सुटते. रोज ऊन नाही मिळालं तर पाठ नरम पडते. हात लावला की साबणाने धुवा, आणि लहान पोरं हात धुवत नाहीत. लाड करायला गेलं तर चावते. वर, पोराचं लग्न होईल तरी हे जिवंतच राहील. ऐकून गिऱ्हाईक दोन मासे घेऊन घरी जातं आणि अश्विन कपाळाला हात लावतो.

हिवाळ्यात एका दुपारी दामिनी दुकानात आली. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून तिने गावाकडचं मले-तुले टाकून दिलं होतं, आणि बोलता बोलता एखादं तोंडातून निसटलं तर ती खोकत असे. अर्णवने वाढदिवसाला कासवाचा हट्ट धरला होता. तिला धाकधूक वाटत होती.

"खरं सांगा ताई, लहान मुलाला कासव द्यावं का? तुम्हाला त्यातलं कळतं."

गोपिकेने तिच्याकडे पाहिलं, मग काचेतल्या कासवांकडे. सगळं बोलणं ओठांवर तयार होतं. पण पारासमोरचं ते हसू अजून कानात होतं.

"बाकीच्या पोरायचं सोडा वहिनी," ती म्हणाली, "अर्णवसारख्या समजदार पोरासाठी कासवासारखं दुसरं काही नाही. माह्याकडूनच घेऊन जा. आत्याची भेट."

आत्याने हौसेने दिलेली वस्तू परत करायची कशी? तेवढीही वाट गोपिकेने बंद केली. संध्याकाळी अश्विनने विचारलं की काल त्या मास्तरीणबाईला हाकलून लावलं, मग वहिनीला काहून दिलं? भाच्याला नाही म्हणायचं का, असं विचारून गोपिका फोडणीकडे वळली.

पुढचे महिने तिचे फार सुखाचे गेले. दामिनीचे फोन येत. घरात कसलातरी वास येतो. अर्णव आता त्याच्याकडे बघतही नाही. पाणी बदलून बदलून कंबर धरली. गोपिका प्रत्येक वेळी काळजीच्या सुरात कापूर जाळायला सांगे आणि फोन ठेवून स्वतःसाठी चांगला आल्याचा चहा करी.

मे महिन्यात तर कळसच झाला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगाला चटका देईल इतकं तापलेलं. कासवाला गार वाटावं म्हणून अर्णवने ते उचलून कूलरच्या टपात सोडलं आणि विसरला. त्याच दिवशी दामिनीकडे भिशीच्या बायका जमल्या होत्या. कूलरने कासवाच्या अंघोळीचा वास वाळ्यातून गाळून सगळ्यांच्या तोंडावर मारला. बायका आईस्क्रीमचे पेले तसेच ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी दामिनी बादली घेऊन वाडीला हजर झाली. केस विस्कटलेले, घामाने पावडर वाहिलेली.

"घ्या बाई हे. मले नाही होत आता," ती म्हणाली, आणि खोकायचंही विसरली.

गोपिकेने बादली घेतली नाही. "मी काय करू वं वहिनी? सांभाळावं तं गोलूले लागेल. त्यालेच विचारा. पण त्याच्या हाती जीव द्यायचा नाही म्हणता ना तुम्ही?"

दामिनीने मान खाली घातली. बादली तिथेच फरशीवर ठेवली. मग ती स्टुलावरच्या गोलूकडे वळली. "गोलू, त्या दिवशी मी बोलली ते चुकलं बाबा. बैल तं अर्णवनं पाडला होता, मी पाहिलं होतं. तूच सांभाळ याले."

पाहिलं होतं! गोपिकेने अपेक्षिलं होतं त्याहून ही वसुली मोठी होती. तिला आतून असं गार वाटलं की बाहेर मे महिना आहे हेही ती विसरली.

गोलूचं मात्र मामीकडे लक्षच नव्हतं. त्याने कासव तळहातावर घेतलं होतं आणि अंगठ्याने हळूच पाठ दाबून पाहत होता.

"नरम पडली पाठ," तो म्हणाला. "मामी, उन्हात ठेवत नव्हते का तुम्ही?"

"आमाले कोणी सांगतलंच नाही रे."

गोलूने आईकडे पाहिलं. "आई तं सगळ्यायले सांगते."

गोपिकेने गल्ल्याचा खण उगाच उघडला आणि लावला. राहून गेलं असेल, ती म्हणाली. दामिनी आता तिच्याकडे बघत होती. हिवाळ्यातल्या त्या दुपारचा एकेक शब्द तिच्या चेहऱ्यावर परत येताना दिसत होता. तिने रिकामी बादली उचलली, पदर सावरला, केस नीट केले.

"बरं ताई, येते मी," ती अगदी मनीषनगरच्या मराठीत म्हणाली. "पोळ्याला गावी भेटूच. सगळेच असतील."

ती गेल्यावर गोपिकेने कासवाकडे हात केला. त्याला गच्चीवर सकाळच्या उन्हात कसं ठेवायचं, हे तिच्याइतकं घरात कोणाला माहीत होतं?

गोलूने हात मागे घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "तू नको धरू."