गुरुवारपुरती बॅटरी

आमच्या भागात रविवार गुरुवारी येतो. भोसरीपासून चाकणपर्यंत कितीतरी कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, आणि कंपन्या बंद म्हणून दुरुस्तीसाठी लाईटही गुरुवारीच घालवतात. नोकरीत होते तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. दारात बसून गहू निवडायचे, शेजारणीशी बोलायचं, दिवस जायचा. आता मात्र गुरुवारी लाईट गेली की माझा जीव लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या त्या एवढ्याशा बॅटरीच्या चित्रात अडकतो.

कारण कस्तुरा. भोसरीच्या एका लहानशा प्रेस शॉपमध्ये आम्ही दोघी शेजारशेजारच्या मशीनवर होतो. गाड्यांना लागणारे वॉशर आणि पत्र्याच्या पट्ट्या पाडायचो. ते ठोके ऐकून ऐकून माझा डावा कान पार गेला, आणि उजव्यात आता नुसती खळखळ येते. कानाचं मशीन घेतलंय, पण ते घातलं की डोक्यावरचा पंखा विमानासारखा वाजतो. म्हणून मी माणसांचे ओठ बघते. ओठ बघायचे तर तोंड मोठं दिसायला हवं. फोनवर कस्तुरा सुपारीएवढी दिसते. लॅपटॉपवर तिच्या नाकातली मोरणीही दिसते.

ती आता राजगुरुनगरला मुलाकडे असते, मी इथे थेरगावात माझ्या मुलाकडे. तिच्याकडे बटणांचा फोन आहे. मोठा फोन तिच्या मुलाचा, जयसिंगचा. तो चाकणला कंपनीत जातो आणि गुरुवारी घरी असतो. म्हणजे कस्तुरा दिसणार ती गुरुवारीच, आणि लाईट जाणार तीही गुरुवारीच.

लॅपटॉप माझ्या नातीचा, मिनलचा, कॉलेजातला. तिला कंपनीने नवा दिल्यावर हा माझ्याकडे आला. त्याची बॅटरी आता कुकरमध्ये डाळ शिजेपर्यंतच टिकायची. गेल्या खेपेला कस्तुराने रामराम केला, सुनेचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं आणि म्हणाली, "आन् अगं, पुढच्या गुरुवारच्या दुसऱ्या दिशी माजं म्होरचं सगळं दात काढणार हायेत. मग हिरड्या सुकल्या की कवळी."

मी "सगळे?" म्हणेपर्यंत पडदा काळा झाला.

त्या काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसत होतं. दात गेले की ओठ आत जातात. आमच्या आत्याचं पाहिलं होतं मी. तिचं बोलणं ऐकू यायचं म्हणून कळायचं. मला तर ऐकूही येणार नाही. मिनलला फोन लावायला सांगून निरोप देता आला असता. पण काय देणार? तुझे दात राहू दे म्हणून? तिला भाकरी चावत नव्हती, कधीपासून ठणकत होते. म्हणजे कस्तुराशी धड बोलायला हा एकच गुरुवार हातात होता, आणि तो सगळा त्या बॅटरीच्या भरवशावर.

मिनलला सांगितलं तर ती आधी माझ्या खोलीत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती माझ्याशी बोलताना समोर येऊन, सावकाश बोलते. शहाणी आहे.

"आजी, हा कायम चार्जिंगला असतो?"

"मग? उपाशी ठेवू?"

"आणि खाली दुलई?"

"टेबलावर गार पडतो."

"त्याला गारच पाहिजे गं. तू त्याला दुलईत निजवतेस, वरून विणलेला रुमाल पांघरतेस, दिवसभर भरवतेस. एवढे लाड माझे नाही केलेस."

"तू कुठे एका जागी बसायचीस."

नवी बॅटरी टाकून बघू म्हणून ती पिंपरी कॅम्पात विचारूनही आली होती. या मॉडेलची आता येत नाही म्हणाले. दुसरी बसवून देतो, पण फुगली तर माझ्याकडे येऊ नका, असं दुकानदारानेच सांगितलं. तेव्हा आहे तीच सांभाळायची. मिनलने मला समजावलं की बॅटरीला तट्ट भरलेलं पोट सोसत नाही आणि अगदी रिकामंही सोसत नाही. ऐंशीच्या आसपास आली की वायर काढायची, विसाच्या खाली जाऊ द्यायची नाही. पुरी भरायची ती फक्त गुरुवारी, लाईट जायच्या आधी. आणि उष्णता नको. एकदा जीर्ण झालेली पुन्हा तरणी होणार नाही, पण जेवढी उरलीय तेवढी तरी नीट वापरता येते.

हे मला पटलं. माझ्या गुडघ्यांच्या डॉक्टरांनीही वेगळं काही सांगितलं नव्हतं.

आठवडाभर मी लॅपटॉप पाटावर ठेवला आणि रुमाल टीव्हीवर टाकला.

गुरुवारी लाईट गेली. इन्व्हर्टर नाही आमच्याकडे; संघर्ष, म्हणजे माझा मुलगा, दर उन्हाळ्यात आणतो म्हणतो. मिनलचं त्या दिवशी घरून काम असतं. तिने आपल्या फोनवरून मला नेट जोडून दिलं आणि काय काय चालू होतं ते बंद करत गेली. मग थांबली.

"आजी, आवाज फुल आहे याचा. तुला ऐकू येतो?"

"नाही."

"मग कशाला चालू ठेवतेस?"

इतके महिने मी न ऐकू येणाऱ्या आवाजावर बॅटरी घालवत होते. तिने तो बंद केला. मग पडद्याचा उजेड कमी केला आणि तोंड मला दिसावं म्हणून खिडकीचे पडदे ओढून घेतले. "याच्यापेक्षा कमी केला तर तुला ओठ दिसायचे नाहीत," म्हणाली आणि आपल्या मीटिंगला हॉलमध्ये गेली.

कस्तुरा आली. तिने रामराम केला, मी जय भीम केला. शॉपमध्येही आमचं तसंच असायचं, दोघींचा हात एकाच वेळी वर जायचा.

म्हशीकडे वळायच्या आधीच मी म्हणाले, "कस्तुरा, तुझे दात गेले की मला तुझं बोलणं कळायचं नाही." तिचे कान माझ्यापेक्षा शाबूत आहेत, तिला ऐकू गेलं. ती एवढी हसली की डब्याला टेकवून ठेवलेला फोन हलला.

"कुसे, शॉपात तोंडाला फडकं असायचं की आपल्या. तवा काय ओठ वाचत व्हतीस व्हय गं?"

आणि तिने पदर नाकावरून ओढून मागे गाठ मारली.

मी विसरलेच होते. आमच्या शेजारी बफिंग चालायचं, म्हणजे पत्रा घासून चकचकीत करायचं काम. त्याची काळी धूळ नाकातोंडात जायची म्हणून सगळ्या बायका फडकी बांधायच्या. आवाज ऐकू येत नाही, ओठ दिसत नाहीत. मग हात. दोन ठोक्यांच्या मध्ये हात मोकळा मिळेल तेवढ्यात बोलायचं. टाळूवरून तळवा फिरवला की सुपरवायझर दौलतराव आले, कारण त्यांचं टक्कल तेलाने चमकायचं. अंगठा ओठाशी नेला की चहा. एका बोटाभोवती दुसरं बोट गरागरा फिरवलं की ओव्हरटाइम. नाकाला बोट लावलं की कस्तुरा, कानाची पाळी धरली की मी. दौलतरावांना वाटायचं, या बायका घाम फार पुसतात.

पदराआड कस्तुराचे डोळे बारीक झाले होते. तिने दातांवर बोट ठेवलं आणि उपटल्यासारखं केलं. मग कानाची पाळी धरली. दोन बोटं तळव्यावर चालवली. आणि शेवटी बोटाभोवती बोट फिरवलं, चांगलं तीन-चार वेळा.

दात काढतील तेव्हा तू ये, आणि लगेच पळायचं नाही, ओव्हरटाइम कर.

मी अंगठा ओठाशी नेला. चहा देशील का?

तिने दोन्ही हातांनी पातेलंभर दाखवला.

मग आम्ही फडकं बांधूनच बोललो. मीही पदर बांधला. ती म्हणाली नव्हती, पण एकीनेच कसं बांधायचं. म्हशीला खूण नव्हती, ती तिने तिथल्या तिथे पाडली, दोन्ही मुठी कपाळाच्या बाजूंना लावून. कवळीलाही पाडली. मध्येच माझ्या ध्यानात आलं की हात बघायला एवढा उजेड लागतच नाही. मिनलने दाखवलेलं बटण मी स्वतः दाबत गेले, पडदा अगदी सांजवेळेसारखा होईपर्यंत. तरी कस्तुराचे हात दिसत होते.

बॅटरी संपली नाही. आमचं बोलणं थांबलं ते जयसिंगमुळे. तो मागे येऊन उभा राहिला, आईच्या तोंडाला पदर बघून घाबरलाच. कस्तुराने पदर सोडला.

"फोन मागतोय ह्यो. आपला सगळा कारखाना मोडला याने."

"उद्याच येते," मी म्हणाले. "संघर्षला सोडायला सांगते."

शिफ्ट सुटली की आम्ही हात पुसायचो, तसे तिने पदराला दोन्ही हात पुसले. मीही पुसले.

लॅपटॉप मिटून मी हॉलमध्ये गेले. लाईट अजून आली नव्हती. मिनल आपल्या पडद्यासमोर शहाण्यासारखी मान हलवत बसली होती. कधी दारात येऊन आम्हाला बघून गेली होती कोण जाणे. लहानपणी तिला शॉपच्या गोष्टी सांगताना या खुणा मीच दाखवल्या होत्या; मी विसरले, ती विसरली नव्हती. तिने मला पाहिलं, पडद्याकडे डोळ्याने दाखवलं आणि हळूच टाळूवरून तळवा फिरवला.

मी अंगठा ओठाशी नेला. तिने मान डोलावली, आणि मी गॅसवर आधण ठेवायला गेले.