वकिलाची हरकत

"लकलन, घरी जा. तुझ्या मतावाचून माझं काही अडत नाही," ह्यू डनबार हळू आवाजात म्हणाला.

"अडतंय की. तुम्ही दोघं तोडीस तोड चाललाय. आणि मायदेश सोडून माझ्याबरोबर एकाच बोटीतून आलेल्या माणसाला मत द्यायचं नाही, तर काय त्या प्रॉक्टरला देऊ?"

लकलन मॅकफी रांगेतून हलेना. ह्यूला त्या थंडीतही घाम फुटला. मत द्यायचं म्हणजे ओट्यावर चढून अख्ख्या गावासमोर उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. समोर खुर्ची टाकून प्रॉक्टर बसलेला. लाकडाची गिरणी त्याची, लकलनची नोकरी त्याच्या हातात, लकलनचं भाड्याचं घरही त्याचंच. मागल्या निवडणुकीत विरोधात गेलेली बिऱ्हाडं त्याने ऐन बर्फात बाहेर काढली होती. आणि लकलनच्या बायकोला तर आठवा लागलेला.

ह्यूला ही जागा हवी नव्हती असं नाही. चांगली वकिली सोडून दोनदा उभा राहिला, दोनदा आपटला बिचारा. ही तिसरी खेप; यानंतर पुन्हा उभं राहायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

लकलन ओट्यावर चढला. तो तोंड उघडणार तोच ह्यू उठला.

"माझी हरकत आहे. मतदाराचं घर, भाड्याचं का असेना, ठरावीक किमतीचं लागतं. याचं तेवढ्या किमतीचं नाही."

लोक चाट पडले. आपल्याच माणसावर हरकत?

"काय रे मॅकफी, खुराड्यात राहतोस काय?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा उसळला.

घर तेवढ्या किमतीचं आहे अशी शपथ घ्यायला अधिकाऱ्याने बायबल पुढे केलं. शपथ म्हटली की लकलन बिचकतो. तो मुकाट्याने खाली उतरेल, नाव घ्यायची वेळच यायची नाही, असा ह्यूचा होरा होता. पण लकलनने बायबलवर हात ठेवला आणि ह्यूकडे रोखून पाहिलं.

"माझं घर आहे, आणि ते घरच आहे. मत प्रॉक्टरसाहेबांना."

ह्यू खाली बसला. त्याला हायसं वाटलं, पण लकलनकडे पुन्हा बघवेना.

संध्याकाळी तो हरला. बायको म्हणाली, "निदान लकलनला खरं काय ते सांगून टाका."

"सांगितलं तर उद्या गिरणीत जाऊन प्रॉक्टरला तोंडावर शिव्या घालील. मी काय ओळखत नाही त्याला?"

पुढल्या महिन्यात मॅकफींना मुलगी झाली. बारशाला सगळं गाव गेलं. डनबारांना बोलावणं नव्हतं. त्या दिवशी ह्यू काहीतरी निमित्त काढून मॅकफींच्या घरावरून गेला, आणि परतताना पुन्हा तिथूनच आला. आत मुलगी रडत होती. आवाज चांगला खणखणीत होता.