पंपाच्या दोन नोंदी

"दोन्ही चालतात," रुक्साना म्हणाली. "हाबी पासवर्ड चालतो, तोबी चालतो. मग ठेवायचा कुठला?"

तिच्या नवऱ्याने, गौसने, चहाचा कप खाली ठेवला. त्याचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर दुकानातूनच यायचं. शटरला दोन चाव्या असल्या की दुसरी नेमकी नको त्याच्या खिशात असते, असं म्हणून तो आंघोळीला गेला.

रुक्साना पुन्हा मोबाइलकडे वळली. ती टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिसला होती. दिवसभर बिलं टाईप करायची. कॉम्प्युटर येतो एवढ्या एका गुणावर बसवकिरण सोसायटीने मार्चच्या मीटिंगमध्ये तिला सेक्रेटरी केलं होतं. दुसऱ्या कुणी हातच वर केला नव्हता. कारभार हाती आला तो असा: एक शिक्का, कपाटाची किल्ली आणि पासवर्ड मॅनेजर नावाचं एक अॅप. सोसायटीचे सगळे पासवर्ड त्यात होते. जुने सेक्रेटरी शरणबसव कलशेट्टी, म्हणजे सगळ्यांचे आण्णा, यांना त्यांच्या मुलाने ते बसवून दिलं होतं. आण्णांची बायको गेल्यावर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, फ्लॅट विकला गेला. मधली दोन वर्षं सेक्रेटरी कुणी नव्हतंच. अॅप तसंच पडून होतं.

उघडल्यावर तिला पहिल्यांदा हसूच आलं. वीज बिल तीनदा, लिफ्ट कंपनी दोनदा, सोसायटीचा मेल चारदा. पासवर्ड बदलला की आण्णा जुनी नोंद दुरुस्त करत नसत, शेजारी नवी मांडत. एकेक पासवर्ड टाकून बघायचा, चालेल तो ठेवायचा, बाकीचे काढायचे, असं काम रोज सकाळी चहाबरोबर सुरू झालं. तिला ते आवडायला लागलं. कुठल्या दाराला कुठली चावी लागते हे बघण्यात एक मजा होती. त्यात आण्णांचे पासवर्ड त्यांच्यासारखेच. वीज बिलाला शेंगाचटणी. मेलला कडकभाकरी, पुढे एक आकडा. लिफ्टला बायकोचं नाव, महादेवी. ते काढून टाकताना तिचं बोट जरा थांबलं होतं. पण लिफ्ट त्या नावाने उघडत नव्हती.

पंपाचं मात्र वेगळं होतं. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवणारा पंप मोबाइलवरूनही चालू करता यायचा. त्याच्या दोन नोंदी होत्या, आणि दोन्ही चालत होत्या. एक सोसायटीच्या नंबरची, एक आण्णांच्या. अध्यक्ष ऋतुराज घरूनच एका कंपनीचं काम करायचा. त्याला विचारलं, तर तो म्हणाला की सोसायटी सोडून गेलेल्या माणसाकडे चावी ठेवणं धोक्याचं असतं, काढा. रुक्सानाने पंपाच्या अॅपमध्ये जाऊन आण्णांचा नंबर काढला, मग ती नोंदही पुसली. यादी आता स्वच्छ दिसत होती. रविवारी तिने निवांत मटण केलं.

बुधवारी पाण्याचा दिवस होता.

त्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही पहाटे, आणि नेमकं कधी हे कुणी सांगू शकत नाही. सोसायटीची खालची टाकी लहान. त्यामुळे पाणी येत असतानाच ते वर चढवत राहावं लागतं, नाहीतर खालची भरली की पाणी घेणं थांबतं आणि उरलेलं पुढच्या कॉलनीकडे जातं. त्या बुधवारी तसंच झालं. सकाळी वॉचमन बिरप्पाने दार वाजवलं. तो मोहोळकडचा, आण्णा पुण्याला गेल्यानंतर कामाला लागलेला. वरची टाकी कोरडी हाय, मोटर चालूच झाली न्हाय, असं तो सांगत होता. पंप कोण चालू करतं, असं तिने विचारलं तेव्हा त्याला प्रश्नच कळला नाही.

"आटोमॅटिक हाय की," तो म्हणाला.

बटण दाबून खालचं होतं नव्हतं ते वर चढवलं. दुपारपर्यंत चोवीस घरांनी ते संपवलं. पुढचं पाणी यायला चार दिवस होते. टँकर सांगितला, तो येईपर्यंत लोक कॅन घेऊन खाली उभे होते. तिसऱ्या मजल्यावरच्या सारजाबाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. रुक्सानाने त्यांच्यासाठी दोन बादल्या वर नेल्या. त्यांनी बादल्या आत घेतल्या आणि दारातूनच सांगितलं, की आण्णा होते तवा असं कदी झालं नव्हतं. त्यात टोमणा होता की नाही, हे रुक्सानाला जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही.

ऑफिसला सुट्टी टाकून ती पंपाचं अॅप उघडून बसली. वाईट तर वाटतच होतं, पण त्याहून जास्त तिला जाणून घ्यायचं होतं. आपोआप चालणारी गोष्ट अशी एका दिवसात बंद कशी पडली? अॅपमध्ये मागची नोंद दिसत होती: पंप कधी चालू झाला, कधी बंद, कुणी केला. ती बोटाने खाली सरकवत गेली. मागचं पाणी, त्याच्या आधीचं पाणी, दिवाळी, उन्हाळा. दर वेळी पहाटे, थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, पुन्हा चालू. आणि प्रत्येक ओळीपुढे एकच नंबर. आण्णांचा.

आपोआप असं काही नव्हतंच.

तिने फोन लावला. आण्णा अक्कलकोटकडचे. तिला ते तंगी म्हणायचे, कानडीत धाकटी बहीण. आजही "हां तंगी" म्हणाले, पण आवाज पडलेला होता.

"आण्णा, पंप तुमी चालू करत होता?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"व्हय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. पंपाचं आटोमॅटिक तीन वर्षांपूर्वीच बिघडलं होतं. दुरुस्ती मीटिंगमध्ये मंजूरही झाली, पण मिस्त्री काही आला नाही. तोवर ते स्वतः पहाटे उठून मोबाइलवर बघायचे. खालच्या टाकीचं पाणी किती चढलं ते त्यात दिसायचं. चढलं की पंप चालू, उतरलं की बंद. मग महादेवी गेली. मग पुणं आलं. पुण्यातूनही ते दिसत होतं, म्हणून ते करत राहिले. कुणाला सांगायचं राहूनच गेलं.

"मग आज फोन का न्हाई केला?"

"तीनदा टाकला पासवर्ड. चुकला म्हनतंय. मला वाटलं माजंच चुकतंय, वय झालं. मग ध्यानात आलं, तुमी काढलं. घर इकलेला मानूस मी, तंगी. इचारनार कोन?"

रुक्सानाने माफी मागितली, ती त्यांनी ऐकूनच घेतली नाही. पासवर्ड दोन ठेवूच नयेत, तू बरोबर केलंस, म्हणाले. पण दोन वर्षं, दर पाण्याला, पहाटे उठून? घरी कुणी काही म्हणत नव्हतं का?

"सूनबाई म्हनते झोपा की. चांगली हाय पोरगी. पर हितं नळ कदीबी सोडा, पानी येतं." ते हलकेच हसले. "उठायला कारनच न्हाय बघ."

संध्याकाळी तिने हे सगळं ऋतुराजला सांगितलं. तो म्हणाला, की चोवीस घरांचं पाणी एका म्हाताऱ्या माणसाच्या झोपेवर टांगून ठेवणं बरं नाही. उद्या ते आजारी पडले तर? तो चुकीचं बोलत नव्हता. रुक्सानाने लगेच मिस्त्रीला फोन लावला. त्याला यायला आठवडा लागणार होता. तोवर तिने आण्णांची नोंद पुन्हा केली. पासवर्ड काय ठेवू, असं विचारलं, तर म्हणाले तुझ्या मनाचा ठेव. तिने महादेवी ठेवला आणि त्यांना अक्षर अक्षर सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला.

पुढच्या पाण्याला वरची टाकी काठोकाठ भरली. सारजाबाईंनी जिन्यात रुक्सानाला थांबवून शेंगाची पोळी दिली. पोळी कुणाला द्यायला हवी, हे रुक्सानाने त्यांना सांगितलं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि आण्णांचा नंबर मागून घेतला.

मग मिस्त्री आला. नवं आटोमॅटिक बसलं. दोनदा चालवून बघितलं, चोख होतं. आता यादीत पुन्हा पंपाच्या दोन नोंदी होत्या. रुक्साना दोन दिवस त्यांना हात लावेना. शेवटी आण्णांचाच फोन आला. आटोमॅटिक बसलं का, नीट चालतं का, असं त्यांनी सगळं विचारून घेतलं.

"मग माजं काढून टाक," ते म्हणाले. "दोन ठेवू नको. तुज्या मागनं येनाऱ्याचा घोटाळा हुईल."

"राहू द्या की आण्णा. कुणाला काय अडतंय?"

"न्हाय न्हाय. कामाचं न्हाय ते ठेवू नये." ते शांतपणे बोलत होते. पूर्वी कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असताना पाळी संपल्यावर पुढच्या माणसाला मशीन दाखवून देत असतील, तसे. फोन चालू ठेवूनच त्यांनी तिला काढायला लावलं. निघालं का, असं विचारून खात्री केली आणि फोन ठेवला.

पुढच्या पाण्याच्या पहाटे रुक्सानाला आपोआप जाग आली. खाली जायची काही गरज नव्हती. ती ओढणी घेऊन गेली. बिरप्पा खुर्चीत झोपला होता. खालच्या टाकीत पाणी पडत होतं. थोड्या वेळाने पंप आपणहून घरघरला आणि पाणी वर चढू लागलं. ती काही वेळ उभी राहून ऐकत होती. मग तिने मोबाइल काढला. या वेळी फोन करावा का, त्यांची झोप मोडेल का, असा विचार करत तिने नंबर लावला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"आलं का पानी?" आण्णांनी विचारलं.

गुडघ्यावर बसून रुक्सानाने टाकीचं झाकण जरा सरकवलं, आणि मोबाइल आत पाण्याच्या आवाजाजवळ धरला.